वायरीवरचं गोणपाट

मुकुल आला तेव्हा समीक्षा बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होती. चादरी, टॉवेल, सगळं कडकडीत वाळलं होतं. टोकाला टाकलेलं गोणपाट तेवढं तिने तसंच राहू दिलं आणि दार उघडायला गेली.

"वहिनी, एक विचारायचं होतं," सोफ्याच्या कडेला टेकत तो म्हणाला. "दसऱ्याला पार्क परत चालू करतोय. विंचला या वेळी काय टाकू? स्टीलची वायर की सिंथेटिक दोरी? तुम्ही आता पार्टनर आहात. तुम्ही म्हणाल ते."

काय तो साळसूदपणा! समीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिने त्याला चहा करून दिला, साखर किती तेही विचारलं.

कल्याणजवळच्या मोहने गावाच्या पुढे, नदीच्या काठी, मुकुल आणि समीक्षाचा नवरा सुशांत या दोघांनी मिळून ते पार्क काढलं होतं. सुट्टीच्या दिवशी ठाण्या-डोंबिवलीची माणसं यायची, मोठाल्या चाकांच्या एटीव्हीवर बसून हौसेने चिखल उडवायची आणि फोटो काढून घरी जायची. एखादी गाडी रुतली की तिला काढायला विंचवाली गाडी निघायची. विंच म्हणजे पुढे बसवलेला मोटरचा रीळ, त्यावर गुंडाळलेली वायर. हूक रुतलेल्या गाडीला अडकवायचा, बटण दाबायचं, की गाडी चिखलातून ओढली जायची.

सुशांतची एक ठरलेली रीत होती. तो आधी एक गोणपाट नदीत बुचकळून आणायचा आणि वायरीवर मधोमध टाकायचा. ताणलेली वायर तुटली तर चाबकासारखी उसळते, आणि ओलं गोणपाट तिला खाली दाबतं. ते टाकल्याशिवाय तो कोणाला बटणाला हात लावू द्यायचा नाही. पोरं हसायची, त्याला 'पोतंवाले काका' म्हणायची. हा आपला हसून पुन्हा नदीकडे चालू लागायचा.

गेल्या हिवाळ्यात वायर तुटली. गोणपाट बाजूला चिखलात पडलं होतं. सुशांत जागच्या जागी गेला.

"आज नेमका तो गोणपाट टाकायला विसरला हो," मुकुलने पोलिसांना सांगितलं. झालं! एवढ्या एका वाक्यात सुशांत स्वतःच्याच मरणाला जबाबदार ठरला. दहाव्याला आलेली माणसंसुद्धा हळहळत म्हणाली, थोडी काळजी घ्यायला हवी होती त्याने.

पण सुशांतचे बूट आणि हेल्मेट घरी आलं, त्यात चुकून ते गोणपाटही आलं. समीक्षा कॉलेजात फिजिक्स शिकवायची. तिने ते बाल्कनीत पसरलं आणि नीट पाहिलं. मधोमध ग्रीसची काळी रेघ होती, वायरीच्या पिळासकट उमटलेली. अशी रेघ नुसत्या सैल वायरीने पडत नाही. म्हणजे गोणपाट टाकलेलं होतं, वायर ताणली गेली होती, आणि मग कोणीतरी ते काढलं होतं.

तिने विंच चालवणाऱ्या सीतारामला गाठलं. त्याने मान खाली घातली.

"मुकुलसाहेब म्हनाले, काढ ते. शूटिंगमध्ये घाण दिसतंय." मग तो रडायलाच लागला. "वैनी, मला पोलिसात नका बोलवू. माझं पोट हाय त्यांच्यावर."

त्या दिवसापासून समीक्षाला दुसरं काही सुचत नव्हतं. मुकुल मरायला हवा होता. तसाच, त्याच जागी. स्वतःच्या मनातला हा विचार तिला नवा होता, पण त्याची लाज मात्र वाटत नव्हती.

आणि गोणपाट वाळत नव्हतं.

आधी तिला वाटलं, थंडी आहे. मग वाटलं, ग्रीसमुळे पाणी धरून राहत असेल. भर मे महिन्यात तिने ते गच्चीवर नेऊन तापलेल्या फरशीवर टाकलं. संध्याकाळी उचललं तर फरशीवर ओला चौकोन होता. पिळलं की पाणी यायचं, त्याला नदीचा वास यायचा. ती देवभोळी नव्हती. तिने त्यावर इस्त्रीसुद्धा फिरवून पाहिली. शेवटी नाद सोडला आणि खाली एक टमरेल ठेवून दिलं.

"सांगते," ती मुकुलला म्हणाली. "बघून सांगते."

कल्याणच्या बाजारात दुकानदाराने दोन्ही गोष्टी काउंटरवर ठेवल्या. वायर जड, थंड, तेलकट. दोरी निळी आणि इतकी हलकी की एका हाताने सहज उचलता यावी.

"हे बघा मॅडम, वायर दगडाला घासली तरी काही होत नाही, पण तिच्या तारा सुटून हातात घुसतात. आणि तुटली तर खैर नाही. दोरी उन्हाने खराब होते, दगडाने कापली जाते, पण तुटली तर तिथल्या तिथे मरून पडते. दोरी ज्यांवरून सरकते ते जुने रोलर मात्र बदला, वायरीने त्यांना चरे पाडलेले असतात."

समीक्षाने वायरीवर हात ठेवला. हीच घ्यावी. मुकुलला हौस भारी, मिरवायला तो पुढे पुढे करणारच. एक ना एक दिवस ही तुटेल. तिच्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं.

पण वायरीच्या पुढे सीतारामही उभा राहणार होता. उद्या कोणाचं लेकरू उभं राहिलं असतं. ते तिच्याने होईना. स्वतःच्या चांगुलपणाला शिव्या घालत तिने दोरी घेतली, नवे रोलरही घेतले. घरी येऊन दार लावलं आणि उशीत तोंड खुपसून ओरडली.

दसऱ्याला पार्कवर झेंडूची रेलचेल होती. प्रत्येक गाडीला हार, विंचलाही हार. मुकुल ठाण्याहून, टेंभी नाक्यावरच्या घरून, बायकोला घेऊन आला होता. ऋजुताने गाड्यांना हळदकुंकू वाहिलं, समीक्षाचा हात हातात घेतला. "ताई, तुम्ही आलात, बरं वाटलं." बिचारीला काही ठाऊक नव्हतं.

समीक्षाने पिशवीतून गोणपाट आणलं होतं. मुकुलने ते पाहावं, ओळखावं, सगळ्यांसमोर त्याचा चेहरा पडावा, एवढंच तिला हवं होतं.

मुद्दाम रुतवलेल्या एटीव्हीला हूक लावला. सीतारामने बटण दाबलं, निळी दोरी ताणली गेली. समीक्षा पुढे झाली आणि तिने गोणपाट दोरीवर मधोमध टाकलं. सीतारामने घाबरून बटण सोडलं.

मुकुल दोरीच्या बाजूला फोन उंच धरून उभा होता. त्याने गोणपाटाकडे पाहिलं. त्याला काही म्हणजे काही आठवलं नाही.

"अहो वहिनी, दोरी आहे ती, उसळत नाही. काढा ना ते. शूटिंगमध्ये घाण दिसतंय."

तेच शब्द.

समीक्षाला एकदम शांत वाटलं. "काढते हं," ती म्हणाली.

तिने गोणपाट उचललं आणि तिची बोटं दोरीला लागली.

दोरी थंड होती. तेलकट होती. बोटांखाली पीळ लागत होता, आणि एक बारीक तार तिच्या अंगठ्यात घुसली.

तिने पाहिलं. दोरी निळीच होती.

ओरडायला वेळ होता. थांबवा, एवढं एकच म्हणायचं होतं. सीताराम तिच्याकडेच बघत होता.

ती मागे सरली आणि तिने सीतारामला मान हलवून खूण केली.

दोरी गुणगुणायला लागली. मग तुटली.

मेलेली दोरी तिथल्या तिथे पडायला हवी होती. ती उसळली.

पुढचं सगळं गडबडीचं झालं. कोणी ऋजुताला धरलं, कोणी गाडी आणायला धावलं. समीक्षाच्या हातून गोणपाट कधी गळून पडलं, तिला कळलंसुद्धा नाही. दोरी चिखलात लोळत पडली होती, मऊ, झेंडूच्या पाकळ्यांनी भरलेली. पोलिसांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या. मुकुलच्या जखमेतून लोखंडाच्या बारीक तारा निघाल्या, असं सीताराम नंतर खालच्या आवाजात सांगत होता. त्या कुठून आल्या, हे कोणालाच सांगता आलं नाही.

समीक्षा मात्र त्यानंतर गाढ झोपू लागली. खोटं कशाला बोला, तिला बरं वाटत होतं. सुशांतच्या फोटोला तिने ताजा हार घातला. बाल्कनीतलं टमरेल घासून जागेवर ठेवून दिलं.

मुकुलचं तेरावं झाल्यावर एका दुपारी ऋजुताचा फोन आला.

"ताई, झोपला होतात का?"

"नाही गं. बोल ना."

"ह्यांचं सामान आलं पार्कवरून. त्यात कोणाचं तरी गोणपाट आलंय." तिचा आवाज रडून रडून बसला होता. "आल्यापासून उन्हात टाकलंय. वाळतच नाहीये."

समीक्षाची नजर घासून ठेवलेल्या टमरेलाकडे गेली.

"मी ते नीट बघितलं, ताई. त्यावर काळ्या रेघा आहेत. एक जुनी आहे आणि एक अगदी ताजी. हात लावला की काळं लागतं. म्हणजे हे टाकलेलं होतं ना? दोरी ताणली जाईपर्यंत टाकलेलं होतं?"

"ऋजुता..."

"मी तेव्हा हळदकुंकवाचं ताट ठेवायला मागे वळले होते, मला नीट दिसलं नाही. सीतारामला विचारलं, तर तो मान खाली घालून उभा राहतो. ताई, हे काढलं कोणी?"

समीक्षाचा अंगठा ठणकायला लागला. पलीकडे ऋजुता उत्तराची वाट बघत होती, आणि तिच्या बाल्कनीत फरशीवर पाणी ठिबकत होतं, ते फोनवर स्वच्छ ऐकू येत होतं.