आईचा उजवा हात

बंद पडलेल्या कार्यालयासमोर मोडक्या खुर्च्यांच्या ढिगात तो जुना कॉम्प्युटर पालथा पडला होता. टीव्ही दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकचा पाय तिथून निघेना. धूड छातीशी कवटाळून तो घरी आला, तेव्हा बायकोने कपाळाला हात लावला.

"ह्याचं काय लोणचं घालणार आहात?"

"चालू करून दाखवतो. बघच तू."

त्याने फुगलेले कंडेन्सर बदलले, कीबोर्डच्या पिवळ्या कळा साबणाच्या पाण्यात घासून उन्हात वाळवल्या. काही कळांवरची अक्षरं कुणाच्या तरी बोटांनी झिजून पार गेली होती. रविवारी सकाळी त्याने बटण दाबलं. तापलेल्या धुळीचा वास सुटला आणि काळ्या काचेवर एक हिरवी रेघ लुकलुकू लागली.

त्याची आई शेजारीच खुर्चीत होती. पक्षाघातानंतर तिचा उजवा हात लाकडासारखा पडून असे. सून तिचं अंग पुसत होती. मध्ये येतो म्हणून तिने तो हात उचलून कीबोर्डवर ठेवला.

बोटं हलली.

आधी एक, मग पाचही. कळा टकटकू लागल्या.

"अहो, बघा ना! आईंचा हात!"

डॉक्टरांनी केव्हाच हात टेकले होते. मेकॅनिकला हसावं की रडावं कळेना.

मग रोज जेवणं उरकली की आईला तिथे बसवायचं. तिने जन्मात टायपिंग केलं नव्हतं, पण बोटं सराईतासारखी धावत. पडद्यावरच्या अक्षरांना मात्र ना शेंडा ना बुडखा. आणि आई तिकडे बघतच नसे. अंगावर पाल पडावी तशी अंग चोरून, भिंतीकडे तोंड करून बसे.

एका दुपारी तिने मुलाला जवळ बोलावलं.

"हात हलतोय रे. पण मी नाही हलवत."

"असं कसं, आई?"

"मी थांब म्हणते. तो ऐकत नाही."

त्याने वायर उपटली. पडदा विझला.

टकटक थांबली नाही.

त्याने कीबोर्ड ओढला. बोटं सुटेनात. पकड कसली, पक्कडच ती! एकेक बोट उचकटून त्याने यंत्र सोडवलं, भंगारवाल्याकडे नेलं, आणि घणाखाली काच फुटेपर्यंत तिथून हलला नाही.

तो परतला तेव्हा आई खुर्चीतच गाढ झोपली होती. हात मांडीवर निपचित.

"तुम्ही गेलात आणि पडला तो," बायको म्हणाली. "होता तसाच."

तो आईच्या पायाशी जाऊन बसला.

तेवढ्यात हात उठला.

आईची हनुवटी, गाल, मिटलेल्या पापण्या तो हळूहळू चाचपू लागला. अनोळखी घरात अंधारात भिंती चाचपाव्यात तसा. आईचा श्वास संथ चालला होता.

"आई..." सून पुटपुटली.

हात थबकला. मग तर्जनी तेवढी ताठ झाली, आणि झोपलेल्या आईच्या ओठांवर उभी टेकली.