आजीचं मोरोक्को

दीक्षाआत्याचं अमेरिकेतल्या नोव्हाय गावी लग्न झालं, त्या २०२४ सालची ही गोष्ट. लग्नाहून तिकडच्याच कॅरी गावी परतल्यापासून उपासनाच्या घरात एकच विषय होता, मोरोक्को! ओळखीतले मनोहरकाका जूनअखेर मराठी मंडळींचा ग्रुप घेऊन निघणार होते.

उपासनाची कमला आजी सगळ्या ग्रुपसाठी भडंग करत होती. जगाच्या पाठीवर कुठेही जा, आपल्या लोकांना सुका खाऊ बरोबर लागतोच! मनोहरकाकांची मुलं, रुही आणि कुश, पातेल्यातून मुठी भरभरून पळवत होती.

"आजी, कॅमल राइड करणार ना?" कुशने विचारलं.

"मी कुठली रे येतेय! डॉक्टर नको म्हणाले. उपासनाच्या बाबाने, अनुपने, फोन करून विचारलं त्यांना."

रुही खाता खाता थांबली. "बट बाबा तर म्हणाले, आजीच नको म्हणाल्या! अनुपकाकांनीच सांगितलं त्यांना, आजींना इंटरेस्ट नाही म्हणे."

"इंटरेस्ट नाही?" आजीचा हात पातेल्यातच राहिला.

उपासनाला माहीत होतं, आजीने सहलीचा व्हिडिओ कितीदा पाहिला होता. निळं गाव, वाळवंट, उंट हे सगळं ती पुढे सरकवायला लावायची आणि फेस शहरातल्या कातडी कमावण्याच्या हौदांपाशी थांबायची.

"मिरजेकडे माझे वडील असल्याच हौदात उभे राहायचे," ती सांगायची. "आमच्या दारावरून जाताना गाव नाक धरायचं. आणि हे बघायला लोक विमानाने जातात? मला त्या माणसांना एकदा हात करायचाय, बाई."

तिघांची मीटिंग गॅरेजमध्ये भरली.

"कारणं दोन आणि सांगणारा एकच!" कुश म्हणाला. "समवन इज लाइंग!"

"समवन काय? माझे बाबा!" उपासना म्हणाली.

"डॉक्टरांना विचारू या?"

"आपल्याला नाही सांगणार, यार. आजीलाच विचारायला लावू. ट्रान्सलेट मी करते, नेहमीसारखं!"

फोन स्पीकरवर टाकला. आजीने आपलं नाव आणि जन्मतारीख सांगितली. पलीकडून नर्स म्हणाली, अनुप नावाच्या कुणाचा फोन आलाच नव्हता आणि प्रवासाला डॉक्टरांची काहीच हरकत नाही. "हॅव फन!"

आजी हसली नाही.

रविवारी क्लबहाउसमध्ये ग्रुपची मीटिंग होती. अनुप सकाळीच म्हणाला होता, "आई, डबे मुलांबरोबर पाठव. तू दमू नकोस." मुलांनी डबे आणले आणि आजीलाही आणलं!

पडद्यावर हौद दिसले. "इथे वास असा, की नाकाशी धरायला पुदिना देतात! जपून बरं, मंडळी!" मनोहरकाका म्हणाले. सगळे खो खो हसले.

उपासना उभी राहिली. "काका, आजीचं तिकीट का नाही?"

"अगं, त्याच नको म्हणाल्या ना!"

"आम्हाला सांगितलं, डॉक्टर नको म्हणाले. डॉक्टर तर म्हणतात, जा! मग नको म्हणालं कोण?"

सगळे अनुपकडे बघू लागले. उपासनाची आई, शोभा, मान खाली घालून बसली.

"तू तिथे सगळ्यांसमोर सुरू झाली असतीस, आई," अनुप हळूच म्हणाला. "वडील, हौद... इथे कुणाला काही माहीत नाही. म्हणून..."

"माहीत नाही म्हणून तुझं बरं चाललंय?" आजी म्हणाली. "आजोबांच्या ज्या हातांनी तुला शाळेत नेऊन बसवलं, ते त्या हौदातलेच होते रे."

मनोहरकाका आजीपाशी आले. "मी मघाशी उगाच हसलो, कमलाकाकू. चुकलंच माझं." मग ते मुलांकडे वळले. "आणि शाब्बास रे पोरांनो! डिटेक्टिव्हच निघालात की!" टाळ्या वाजल्या. आजीने वाजवल्या नाहीत.

जूनच्या ग्रुपमध्ये आता जागा उरली नव्हती. अनुपने घरातली तिन्ही तिकिटं कॅन्सल केली आणि डिसेंबरच्या सुट्टीतली चार काढली. "आई, तिथे सगळ्यांत पुढे तुलाच उभी करतो," तो म्हणाला.

"डिसेंबर लांब आहे, अनुप," आजी म्हणाली.

कमला आजी त्याच वर्षी, नोव्हेंबरच्या अकरा तारखेला, कॅरीच्या घरी झोपेत वारली.