ढाब्यावर राहिलेली माय

लाइट येईपर्यंत सांगते, पण तुमच्यापाशीच ठेवा. आमच्या सुरतेतल्या डिंडोलीच्या सोसायटीत कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेसुद्धा रंजनामावशीला माहीत असतं, असं शेजारचा हेमराज मला चिडवायचा. बोलल्याशिवाय मला अन्न पचत नाही, खरंच आहे ते. ही एकच गोष्ट पोटात राहिली आहे.

त्या सकाळी मी हेमराजकडे कढीपत्ता मागायला गेले होते. त्याची आई, सरलाबाई, जाऊन आठवडाही झाला नव्हता. अस्थींचं मडकं लाल फडक्यात बांधून खाली पार्किंगमधल्या लिंबाला टांगलेलं होतं. हेमराज आणि त्याची बायको उज्ज्वला, दोघं मोबाइलवर प्रयागपर्यंत गाडीला चार्जिंग कुठं कुठं मिळेल ते बघत बसलेले.

"रेल्वेनं जा की रे," मी म्हटलं.

"नाही मावशी. मायला गाडीतूनच न्यायची."

 ती इलेक्ट्रिक गाडी दारात आली तेव्हापासून सरलाबाईंचं एकच मागणं होतं. "हेमराज, माले एकदाव गंगा दखाड रे." आणि ह्याचं उत्तर ठरलेलं. "माय, रस्त्यात चार्जिंगची सोय होऊ दे. पुढच्या वर्षी नक्की." म्हातारी कानानं कमी ऐकायची, पण रागावायची नाही. संध्याकाळी उभ्या गाडीतच मागच्या सीटवर जाऊन बसायची, मिश्री लावत. मी विचारायची, "कुठवर पोचलात?" तर हसून म्हणायची, "धुळं आलं वं."

हेमराजचे काका सुपडूबाबा तिथं भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "अस्थींजवळ मागं एक माणूस पाहिजे. आणि बोलावत जायचं. पूल आला, वळण आलं, थांबलो, निघालो, दरवेळी लेकानं हाक मारायची, माय चाल वं. नाही मारली तर ते माणूस तिथंच बसून राहतं."

उज्ज्वला पुढं बसून नकाशा बघणार, मग मागं कोण? "मी येते," म्हणून मी मोकळी झाले. कढीपत्ता राहिलाच.

गाडी निघाली. तुम्ही बसलात का कधी तसल्या गाडीत? आवाजच नाही. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची सोबत असते. इथं आपलाच श्वास ऐकू येतो. मडकं माझ्या शेजारच्या सीटवर ठेवलेलं. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडलो आणि गाडी टिंग टिंग करायला लागली.

"मागं पट्टा लावा मावशी," हेमराज म्हणाला.

"मी लावलाय."

त्यानं पुढच्या पडद्यावर पाहिलं. "बाजूच्या सीटचा सांगतेय. माणूस बसलं की वाजते."

"मडक्याचं वजन असेल," उज्ज्वला म्हणाली. पण ते मडकं मी एका हातानं उचललं होतं. मी त्या सीटचा पट्टा लावला. टिंग थांबली. मग हळूच मिश्रीचा वास आला, भाजलेल्या तंबाखूचा, गोडसर. मला भीती नाही वाटली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

हेमराज आधी लाजत हाक मारत होता. नवापूरच्या वळणांवर त्याचा आवाज मोकळा झाला. "माय, पूल उना. चाल वं." धुळं आलं तेव्हा माझ्याच तोंडून निघालं, "सरलाबाई, खरंच आलं हो धुळं." तिघंही हसलो आणि तिघांचेही डोळे भरले. दर थांब्यावर आम्ही उतरलो की हाक, बसलो की हाक, आणि पट्टा लावेपर्यंत ती टिंग.

नागपूरला मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, जबलपूरच्या अलीकडे सागाच्या रानात एक ढाबा लागला. मागं चार्जिंगचं मशीन. त्या मशीनच्या बारीक गुणगुणीशिवाय कसलाही आवाज नव्हता. पाखरूसुद्धा नाही. आम्ही मडकं समोरच्या मोहाच्या झाडाला टांगलं.

गाडी भरायला वेळ लागत होता. उज्ज्वला बसल्या बसल्या सहज बोलून गेली, "चार्जिंग तर सगळीकडे आहे. आईंना जिवंतपणीच आणता आलं असतं."

हेमराज ताडकन उठला. "मला कळत नाही का ते? तू सांगायला पाहिजेस?"

ती रडायला लागली. मागं दुसरी गाडी मशीनसाठी हॉर्न वाजवत होती. मी ढाबेवालीशी तिच्या लेकीच्या लग्नाचं बोलत होते, ती अर्ध्यात सोडून पळत आले. रागारागात मडकं घेतलं, दारं लावली, निघालो. कुणी कुणाशी बोललं नाही.

संगमावर दुसऱ्या सकाळी होडीतून अस्थी सोडल्या. लाल फडकं पाण्यावर जरा वेळ तरंगलं. हेमराजनं हात जोडले आणि तसाच थांबला.

"मावशी... ढाब्यापासून मी हाक मारली का?"

मी आठवून पाहिलं. मारली नव्हती. मडक्याचा पट्टाही लावला नव्हता. आणि गाडी... गाडी एकदाही वाजली नव्हती. मिश्रीचा वासही नव्हता.

"माझी माय त्या रानात बसलीय," तो म्हणाला. होडीवाला बघायला लागला. "दोन वर्षं थांब म्हटलं, थांबली. आताही थांबली असेल."

परतीला त्यानं जेवणासाठीसुद्धा गाडी थांबवली नाही, फक्त चार्जिंगला. संगमावरचे विधी आटोपून निघायला रात्र झाली होती, पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवसाची तशीच दुपार, तोच ढाबा. मागचं दार उघडं टाकून तो मोहाच्या झाडाखाली गेला, गुडघ्यांवर बसला.

"माय, चुकनू वं. चाल... घर चाल."

पान हललं नाही. मग गाडीच्या मागच्या सीटवरून आवाज आला. टिंग... टिंग... टिंग.

हेमराज लहान पोरासारखा रडला. उज्ज्वलानं स्वतः पट्टा लावला, रिकाम्या सीटला हात जोडले. मी डोळे पुसत ढाबेवालीचा निरोप घ्यायला आत गेले.

"अम्मा को ढूँढ रहे हो?" ती म्हणाली. "वो तो कल दोपहर चली गईं."

"कोण अम्मा?"

"आपकी. कान से कम सुनती हैं ना? पेड़ के नीचे बैठी थीं. सबसे पूछतीं, मेरा हेमराज कहाँ गया. कल एक गाड़ीवाले ने अपनी माँ को आवाज़ दी, चलो अम्मा, तो ये भी उठके उसी गाड़ी में बैठ गईं. मैंने सोचा, आप ही के लोग होंगे."

मी दारातून गाडीकडे पाहिलं. "मग... आमच्या गाडीत कोण बसलं?"

तिनं झाडाकडे पाहिलं नाही. पदर डोक्यावर ओढून घेतला. "गंगाजी का रास्ता है बहनजी. यहाँ बहुत छूट जाते हैं."

बाहेर हेमराज मला हाका मारत होता. त्याचा चेहरा इतका उजळलेला होता, की माझ्यासारख्या बडबडीची जीभ उचलली नाही. मी जाऊन त्या सीटशेजारी बसले. मिश्रीचा वास नव्हताच. ओवा आणि बाळंतशेपांच्या धुरीचा वास होता, बाळंतिणीच्या खोलीत असतो तसा. आणि सुरतेपर्यंत दर पुलाला, दर वळणाला हेमराज प्रेमानं म्हणत राहिला, "माय, चाल वं..."

नवापुरात मी धीर करून म्हटलं, "परत संगमावर सोडून यायला हवं रे."

"राहू द्या मावशी थोडे दिवस. तिला गाडी आवडते. पुढच्या वर्षी नक्की नेईन."

आता रोज संध्याकाळी तो तिला फिरवून आणतो. सरलाबाई कुणाच्या गाडीत, कुठल्या गावी उतरल्या असतील? त्यांचा नीट ऐकू न येणारा कान त्या घरात कुणाच्या हाकेकडे लागत असेल? 

परवा उज्ज्वला पेढे घेऊन आली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर दिवस गेलेत. मी तिला जवळ घेतलं, तर तिच्या पदराला तोच धुरीचा वास.

"मावशी, घरात फार मळमळतं," ती म्हणाली. "पण गाडीत मागच्या सीटवर आडवी झाले की इतकी छान झोप लागते. माय पोटावर थोपटत असतात ना..."