सहा नंबरचा कप्पा

ही रात्रीची गोष्ट नाही. मंगळवार होता, आणि सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. ज्या तोंडाने मी रोज देवाचं नाव घेते, त्या तोंडाने खोटं सांगणार नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय.

मावशी वेफर्सच्या कारखान्यात चव घ्यायचं काम करायची.

हसू नका. अशी नोकरी असते.

एका खोलीत ओळीने सहा कप्पे. प्रत्येकात स्टूल, फळी, पाण्याचा ग्लास. वर लाल दिवा, म्हणजे वेफरचा रंग बघून जीभ फसायला नको. समोर छोटी खिडकी. बटण दाबलं की पलीकडे स्वयंपाकघरात त्या कप्प्याचा दिवा लागतो, आणि तळणारे काका खिडकीतून वाटी सरकवतात. वाटीवर नुसता आकडा. आत बोलायचं नाही. चाखायचं, आणि कागदावर गुण द्यायचे.

मावशी पाच नंबरला बसायची. शेजारी, सहा नंबरला, लवंगी.

हे तिचं टोपणनाव. अंगाने एवढीशी, पण तोंड उघडलं की समोरच्याला ठसका. जन्म एका बेटावरचा. दोन वर्षं खपून तिने तिथली चव वेफरवर आणली होती. भाजलेलं खोबरं, लिंबाची साल, मिरची, समुद्राचं मीठ.

"डोळे मिटून खा गं," ती मावशीला म्हणायची. "पायाखाली वाळू लागली नाही तर बापाचं नाव लावणार नाही."

लागायची.

मधली फळी पातळ. कोण कसं चावतं ते सगळ्यांना पाठ. लवंगी वेफर आधी बोटांनी मोडायची. टक. मग तुकडा जिभेवर ठेवून गप्प. मनातल्या मनात चार आकडे. चव पटली, तरच चावायची. कुर्रर्र. नाही पटली तर थुंकून टाकायची.

टक... एक, दोन, तीन, चार... कुर्रर्र.

आणि मग ती चव त्यांच्या साहेबांनी ढापली.

जो माणूस आयुष्यात गुडघाभर पाण्यात उतरला नाही, त्याचा फोटो पाकिटावर! डोक्यावर गवताची टोपी, मागे नारळाचं झाड. खाली ओळ, 'माझ्या बेटाची चव'. सांगताना मावशी आजही हातातला कप आपटून ठेवते.

लवंगीने वर तक्रार लिहिली. साक्षीला मावशीची सही मागितली.

"उद्या देते," मावशी म्हणाली.

त्याच संध्याकाळी साहेबांनी दुसरा कागद पुढे केला. चव साहेबांचीच, असं त्यावर छापलेलं. पुढच्या महिन्यात मावशीची नोकरी कायम होणार होती.

मावशीने सही केली.

लवंगीला कळलं. ती भांडली नाही. तीन आठवड्यांनी तापात गेली. खोलीत एकटीच होती.

साहेबांनी सहा नंबरमध्ये बादल्या आणि झाडू कोंबले. बाहेरून कुलूप लावलं. किल्ली स्वतःच्या खिशात.

त्या मंगळवारी बेटाच्या चवीची शेवटची चाचणी होती. पाच जणी पाच कप्प्यांत. पहिली वाटी आली, ४१७. मावशीने चाखलं. मीठ, तिखट... बाकी काही नाही. वाळू लागली नाही.

तेवढ्यात शेजारून आवाज आला.

टक...

मावशीचा हात वाटीतच राहिला.

एक. दोन. तीन. चार...

थू.

समोरची खिडकी उघडली. काका वैतागले होते.

"सहा नंबरला कोण बसवलंय? सारखा दिवा लागतोय!"

"कुणी नाही, काका. कुलूप आहे."

"मग मला काय वेड लागलंय? पलीकडे झाडू आहेत की माणूस ते बघत बसलो नाही, दोन वाट्या सरकवल्या. दोन्ही परत आल्या. रिकाम्या."

काकांनी तिच्यापुढे पुढची वाटी ठेवली आणि खिडकी आपटली.

या वाटीवर... आकडा नव्हता.

मावशीने एक वेफर तोंडात टाकला. आधी खोबरं आलं. मग साल. मग मिरची, आणि सगळ्यात शेवटी समुद्र. तिने पाय वर उचलून घेतले. वाळू लागली होती. ओली.

ती ओरडतच बाहेर आली. साहेब धावत आले.

"काय तमाशा लावलाय? चाचणी चालू आहे!"

"उघडा ते दार."

"बादल्या बघायच्यात?"

"उघडा म्हणते ना!"

साहेबांनी कुलूप काढलं. आत बादल्या. झाडू. उभं राहायलाही जागा नव्हती. फळीवर बोटभर धूळ, आणि त्या धुळीवर गुणांचा कागद.

सगळ्या रकान्यांत शून्य. खाली शेरा. तिरकं, दाबून लिहिलेलं अक्षर. ते अक्षर मावशीने सहा वर्षं पाहिलं होतं.

'पाच नंबरने सही का केली?'

साहेबांचा उल्लेख नाही. फोटोचा नाही. चोरीचा नाही. फक्त तेवढंच.

साहेबांनी कागद टराटरा फाडला. "कुणाची थट्टा ही?"

मावशी गरीब गाय म्हणून ओळखली जायची. त्या दिवशी तिचा आवाज गेटपर्यंत गेला म्हणतात.

"थट्टा तुम्ही केलीत! चव तिची, तोंड तुमचं! तापात पडली तेव्हा कुणी विचारलं नाही, आणि वर तिच्या जागेवर झाडू ठेवता? लाज वाटते का?"

साहेब हसले. अगदी हळू. "चव माझीच आहे. लेखी आहे माझ्याकडे. खाली सही कुणाची आहे, आठवतंय ना?"

मावशीने आपली पिशवी उचलली.

ती तशीच घरी आली, ती परत गेली नाही. पण सगळं खरं लिहून, खाली सही करून, वरच्या ऑफिसला पाठवलं. एकदा नाही, चारदा. उत्तर आलं नाही. पाकिटं दुकानांत आली. फोटो तोच.

काकांना मी स्वतः विचारलं. ते म्हणतात, बिनआकड्याची वाटी त्यांनी ठेवलीच नव्हती. त्यांनी ठेवली ती ८६२.

आणि मावशीच्या घरात... तो आवाज यायला लागला. बाजूच्या खोलीतून. टक, चार आकडे, थू. रोज.

गेल्या रविवारी मी तिथेच होते. दुपारचे तीन वाजले होते. घरात वेफरचं पाकीट नव्हतं, ती आणू देत नाही.

टक...

मावशी ताडकन उठली. रागाने लालबुंद झाली होती.

"किती दिवस थुंकणार आहेस गं? घाबरले मी! नोकरी पाहिजे होती मला, म्हणून केली सही! तुला विकलं मी! ऐकलंस? झालं समाधान?"

एवढं उघड ती कधीच बोलली नव्हती. माझ्याजवळही नाही.

मी मनात मोजत होते. एक. दोन. तीन. चार.

पाच.

सहा.

थुंकल्याचा आवाज आला नाही. चावल्याचाही नाही.

आज पाचवा दिवस. मावशी दाराकडे कान लावून बसलीय. लवंगी अजून चव बघतेय...