एक टॅपेट अजून वाजते

मोरीतल्या भरत्या कळशीत नळाचा एक थेंब पडला, टप्प, आणि दुपारची सगळी शांतता त्या एवढ्याशा आवाजाने हलली. वैशाली श्वास रोखून बसली. मांडीवरच्या अनुष्काने पापण्या फडफडवल्या, तोंडातलं बोट एकदा चोखलं आणि पुन्हा झोपली. वैशालीने तिचं डोकं हलकेच गोधडीवर ठेवलं, घामेजल्या कपाळावर ओठ टेकवले आणि चपला हातात घेऊन पडवीत आली. पोर उठेपर्यंतचा वेळ तेवढा तिचा.

पडवीला लागून पत्र्याखाली वडिलांची फियाट उभी होती. सहदेव मिस्त्रींचं महाडला हायवेलगत गॅरेज होतं. वडील गेल्यावर गॅरेज तिच्या भावांनी घेतलं आणि कुणालाच नको होती म्हणून ही गाडी लेकीच्या वाट्याला आली. पोलादपूरच्या पुढे, आंबेनळीचा चढ लागायच्या आधी, तिच्या सासरच्या अंगणात.

“लोकांच्या सुना सोनं घेऊन येतात,” सासू, बनुबाई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. “आमचीने डबडं आनलंय. वर स्वतःच मिस्त्री झालीय.”

नवरा किशोर मुंबईला ड्रायव्हर होता. शिमग्याला आला तो शेवटचा. तिकडे त्याने दुसरं बिऱ्हाड केलंय हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त वैशालीसमोर कुणी बोलत नसे. बोलली ती बनुबाईच, भाकरी थापता थापता. “शाळा सुरू व्हायच्या आत पोरीला न्यायला येतोय किशोर. तिकडचीला मूल नाय. पोर सुखात राहील गो.”

वैशालीने काटवटीतलं पीठ गोळा केलं.

महाडला चवदार तळ्यामागच्या आळीत तिने एक खोली पाहून ठेवली. गाडी विकली की अनुष्काला घेऊन तिथे जायचं, शाळेत घालायचं, मग किशोर येवो नाहीतर कुणी येवो. साताऱ्याचे एक गृहस्थ गाडी बघून गेले होते. रंग आवडला, सीट आवडल्या, पण इंजिन चालू करताच त्यांनी तोंड वाकडं केलं. “टॅपेट फार वाजतायत हो. मिसेसला ही टकटक सहन व्हायची नाही. इंजिन गप्प झालं की फोन करा, त्या दिवशी घेऊन जातो.”

हे काम ती वडिलांशेजारी उभी राहून शिकली होती. इंजिनाच्या प्रत्येक झडपेला, वॉल्व्हला, एक टॅपेट; तिथली फट वाढली की ती टकटकते, स्क्रूने आवळली की गप्प होते. टॅपेट कव्हर काढायचं, हँडलने इंजिन फिरवत वॉल्व्ह बंद झाला की त्याला दाबणारा रॉकर आणि वॉल्व्ह यांच्यामधल्या फटीत मापाचं, गेजचं, पातं घालायचं. पात्याला जराशी ओढ लागली की फट बरोबर. पण या गाडीचे रॉकर झिजून टोकांना खड्डे पडले होते. पातं खड्ड्यावरून सरकून जाई आणि खोटं सांगे. मग उरला कान. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक कव्हरवर टेकवून मूठ कानाला लावायची आणि वाजणारी टॅपेट शोधायची. इंजिन तापलं की काही तास निवू द्यायचं. म्हणून एका दुपारी एकच टॅपेट.

वडील म्हणायचे, “थोडी वाजू दे गो तिला. ढिली असली तर वाजते, कळतं तरी. आवळून गप्प केलीस तर वॉल्व्ह आतल्याआत जळतो नि कुणाला पत्ता लागत नाय.”

आता जळायचा तो साताऱ्याला जळेल, असं म्हणून तिने पहिला स्क्रू आवळला.

संध्याकाळी मोरीतून पाणी वाहत ओटीपर्यंत आलं. “कळशी कवाची भरलीय,” बनुबाई ओरडली, “कान हायेत का नायत?” वैशाली नळासमोर जाऊन उभी राहिली. तोटीतून थेंब सुटत होता, पाण्यावर वर्तुळ उमटत होतं. आवाज नव्हता. तिने कळशीवर बोट आपटलं, ते ऐकू आलं.

पुढच्या टॅपेटनंतर भात करपला. “कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, मी मोजल्या,” सासू म्हणाली. वैशाली चुलीशेजारीच बसली होती. कुकरला चिकटलेला भात खरवडताना चमच्याचा खरखराट तिला अगदी स्वच्छ ऐकू येत होता.

मग शेळीच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज गेला. घाटाच्या वळणावर एसटी हॉर्न देते, तो गेला.

महाडच्या कानाच्या डॉक्टरांनी मशीन लावून तपासलं. “कान तुमचे माझ्यापेक्षा चांगले आहेत. झोप होते का नीट?”

मध्ये दोन दिवस पाहुणे होते. तिने गाडीला हात लावला नाही, आणि त्या दोन दिवसांत एकही आवाज गेला नाही. एक टॅपेट गप्प केली की एक आवाज जातो, तिला समजलं. समजूनही तिसऱ्या दुपारी तिने कव्हर काढलं, कारण किशोरचा फोन आला होता. पोरीचे कपडे भरून ठेवायला सांगितलं होतं त्याने.

त्या संध्याकाळी ती पाठमोरी भांडी घासत होती. कमरेला अचानक दोन हातांचा विळखा पडला आणि ती दचकली. अनुष्का हसत होती. “आई, मी तर धावत आले.”

तिने खाली पाहिलं. पोरीने एक पाय जमिनीवर आपटला, मग दुसरा. पैंजणांचे घुंगरू थरथरत होते.

वैशालीने तिला उचलून घेतलं आणि खूप वेळ खाली ठेवलं नाही.

आता एकच टॅपेट वाजत होती. बारीक, एकसारखी. तिने ती तशीच ठेवायचं ठरवलं आणि सकाळीच साताऱ्याला फोन लावला. फोन चालू इंजिनाजवळ धरला.

“एक वाजतेय अजून,” ते म्हणाले. “हे बघा, उद्या मी दुसरीकडे गाडी बघायला चाललोय. आजच्या आज झालं तर कळवा.”

बाहेर बनुबाई शेजारणीला सांगत होती, “परवा येतोय माझा ल्योक. पोरीची आय मागं रडेल चार दिवस. मग गप बसेल.”

दुपारी अनुष्का झोपली. इंजिन निवलं होतं.

वैशालीने स्क्रू धरून ठेवणारा चेकनट ढिला केला. काय काय उरलंय ते तिने आठवून पाहिलं. जात्याची घरघर. कोंबडा. देवळातली घंटा. आणि सासूची जीभ.

स्क्रू फिरवताना तिने मनात सासूचा आवाज धरला. घट्ट धरला. हाच जाऊ दे, म्हणाली.

चेकनट आवळला. कव्हर बसवलं. चावी फिरवली.

इंजिन चालू झालं आणि टकटक कुठेच नव्हती.

तिने गाडी बंद केली आणि थांबली.

“झाली का गो गप्प एकदाची?” ओटीवरून बनुबाईचा आवाज आला. शब्दन् शब्द.

वैशालीने डोळे मिटले. वरच्या अंगाला एक लॉरी घाट चढत होती. ती ऐकू आली. कोंबडा ऐकू आला. पत्र्यावर काहीतरी खुडबुडलं, तेही.

डोळे उघडले तेव्हा दारात अनुष्का उभी होती. गालावर गोधडीचे वळ, केस विस्कटलेले. वैशालीने हात पसरले.

पोरीचे ओठ हलले. भुवया वर गेल्या, काही विचारताना जातात तशा. मग ती थांबली, आईकडे बघत.

“सांग की तिला,” बनुबाई म्हणाली. “पोर इचारते काय, नि तू बघतेस काय नुसती.”

अनुष्का जवळ आली. आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिने तेच पुन्हा विचारलं.