एवढा एक पूर्ण होऊ दे

दादा गेल्यावरही वहिनींनी गच्चीवरची त्याची रेडिओची खोली मोडली नव्हती. हौशी रेडिओचं, म्हणजे घरच्या यंत्रावरून जगभरच्या लोकांशी संपर्क साधण्याचं वेड मलाही दादानेच लावलेलं. मी लिफ्टदुरुस्तीच्या कामातला. आठवडाभर लिफ्टच्या खोल बोळकांड्यांत लोंबकळायचं आणि सुट्टीला या छंदात डोकं खुपसायचं. त्या रविवारी स्पर्धा होती. आमच्या इमारतीत अँटेना उभारू देत नाहीत, म्हणून वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, या की, खोलीला तेवढीच जाग येईल.

दुपार होती, पण बाहेर धुकं असं दाटलेलं की गच्चीचा कठडाही दिसेना. खोलीत तापलेल्या यंत्राचा नि धुळीचा वास. दादाचा वास, म्हणा ना.

या स्पर्धेत जास्तीत जास्त संपर्क साधायचे, पण तोंडाने बोलायचं नसतं. संगणकच एकमेकांना सुरांतून छोटे संदेश पाठवतात; कानाला नुसती शीळ ऐकू येते. एकाने हाक द्यायची, आवाज किती जोरात येतोय ते दोघांनी एकमेकांना आकड्यात कळवायचं आणि शेवटी दोघांनीही 'मिळालं' म्हणायचं. ते शेवटचं 'मिळालं' आलं नाही, तर सगळं मुसळ केरात. पुढे तपासनीस दोघांच्याही नोंदी ताडून पाहतात. एकाकडे आहे नि दुसऱ्याकडे नाही, तो संपर्क बाद.

काम छान चाललं होतं. तेवढ्यात पडद्यावर मला एक हाक आली. आमच्यात प्रत्येकाला सरकारकडून अक्षरं-आकड्यांचं एक नाव मिळतं, ते जगात दुसऱ्या कुणाचं नसतं. हाक देणारं नाव दादाचं होतं.

कुणीतरी चावटपणा करतंय, असं वाटून आधी रागच आला. पण आवाज फार जोरात येत होता, भिंतीपलीकडून यावा तसा. मी यंत्रामागची अँटेनाची वायर उपसली. सगळ्या शिळा एकदम थांबल्या. पडदा कोरा झाला... ती एक ओळ सोडून. ती येतच राहिली. माझ्या उत्तरापुरती थांबायची, पुन्हा यायची. घाई म्हणून नाही.

वहिनी चहा घेऊन वर आल्या, तशा पडद्याकडे बघून उभ्याच राहिल्या. वायर काढलेली आहे, हे मी त्यांना दाखवलं. त्या स्टुलावर बसल्या आणि हळू आवाजात सांगू लागल्या. दादा गेला तो याच खुर्चीत, अशाच एका स्पर्धेत, एवढं मला माहीत होतं; पुढचं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी जिन्यातून जेवायला हाक मारली, तर वरून म्हणाला, एवढा एक पूर्ण होऊ दे. त्या वर आल्या तेव्हा मान कलली होती आणि पडद्यावर कुणीतरी त्याच्या उत्तराची वाट बघत होतं.

"उत्तर द्या, भाऊजी."

"वहिनी, कुणाला देतोय ते..."

"मला ठाऊक आहे. द्या तुम्ही."

वायर तशीच बाहेर लोंबत होती. मी उत्तर पाठवलं. पलीकडून आकडा आला, मी माझा दिला. मग 'मिळालं' आलं. मीही 'मिळालं' म्हटलं, आणि पडदा खरोखरच कोरा झाला. वहिनींनी डोळे टिपले. "सुटले एकदाचे," म्हणाल्या. मलाही छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

नोंदी पाठवताना तो संपर्क खोडायला हात धजेना. म्हटलं, बाद होईलच. निकाल लागला, आणि तो बाद झालेला नव्हता. मी तपासनिसाला फोन केला. भला माणूस, शांतपणे म्हणाला की समोरच्याची नोंद आली आहे, अगदी तंतोतंत जुळते. त्यांनी दोनच संपर्क पाठवलेत. एक तुमचा. तुमच्यानंतर लगेच दुसरा, पण ते नाव अजून कुणालाच दिलेलं नाही. त्याने अक्षरं वाचून दाखवली आणि विचारलं, तुमच्या ओळखीचं कुणी आहे का? मी नाही म्हणालो.

वहिनींना यातलं काही सांगितलं नाही. मन रमतंय म्हणून त्या दादाची पुस्तकं वाचू लागल्या होत्या; पुढे परवान्याच्या परीक्षेलाही बसल्या आणि पास झाल्या. मीच पेढे वाटत सगळ्यांना सांगत सुटलो.

गेल्या आठवड्यात त्यांच्या परवान्याचं, नव्या नावाचं सरकारी पाकीट आलं. मला बोलावून त्यांनी ते न फोडताच माझ्या हातात दिलं.

"वाचा," म्हणाल्या, "बरोबर आहे का बघा."

आणि मी पाकिटाची कड शोधतोय तोवर त्यांनी आतल्या नावाची अक्षरं एकेक करून म्हटली... तपासनिसाने वाचली होती तीच, त्याच क्रमाने.