कामाची बाई

"ही आमच्याकडं कामाला असती," सिद्धाप्पा घरमालकिणीला म्हणाला, आणि डोक्यावर देवांची दुरडी घेऊन त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या केराबाईच्या काळजात चर्र झालं...

कामाला! आईबाप पटकीनं गेले तेव्हा आठ महिन्यांच्या या भावाला जिनं शेळीच्या दुधावर जगवलं, ती थोरली बहीण कामाला! "हे पोरगं ठेव, न्हायतर माजं घर," असं नवऱ्यानं बजावताच तिनं भरला संसार सोडला, मेंढरांमागं उन्हातान्हात आयुष्य जाळलं, भावाला शाळेत घातलं. जग तिला टाकलेली बाई म्हणत राहिलं. आणि होटगी स्टेशनावर सांधेवाला होताच त्या कृतघ्नाला तिची लाज वाटू लागली!

चार दिवस ते खोली शोधत होते. बनाबाईचे, त्याच्या बायकोचे, दिवस भरत आलेले. टाकलेली बहीण सोबत आहे म्हटलं की दारं लागत, म्हणून या दारात सिद्धाप्पानं बहिणीचं नातंच पुसून टाकलं होतं. केराबाई संतापून बोलणारच होती, पण बनाच्या पोटाकडं पाहून तिनं डोक्यावरची दुरडी सावरली.

नागव्वानं, म्हणजे त्या मालकिणीनं, किल्ली पुढं केली आणि तिची नजर दुरडीवर गेली.

"तुमा धनगरांत देव थोरल्या बाईच्या डोक्यावर असतेत की. कामाची बाई कशी आनंल?"

सिद्धाप्पाच्या आधी केराबाईच बोलली, "ह्यांच्यात थोरलं कुनी न्हाय, म्हनून मला उचलाय सांगितलंय. मी कोन न्हाय ह्यांची."

बनाबाई मटकन ओट्यावर बसली. "वन्सं, तुमी कोन न्हाय, तर मग मी तरी कोन? ह्या घरात माजं लेकरू जलमाला यायचं न्हाय."

नागव्वानं खोदून विचारलं आणि सगळं उघडं पडलं. तिनं किल्ली परत कमरेला खोचली. "टाकलेलीला मी ठिवत न्हाय, आनि खोटारड्याला तर मुळीच न्हाय." शेजारच्या दारांतल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

आळीच्या टोकाला चांदसाब टांगेवाल्याची एक खोली रिकामी होती. "संगं कोन कोन हाय?" त्यानं विचारलं.

"बायको, आनि माजी थोरली भन." सिद्धाप्पा म्हणाला. "लोक तिला टाकलेली म्हनत्यात. तिला कुनी टाकलं न्हाय. माज्यासाटी तिनंच नवरा सोडला. आनि मी आज तिला कामाची बाई म्हनलो..." तो ढसढसा रडू लागला.

"खोली घोड्याशेजारी हाय. वास येतोय, बगा," चांदसाब म्हणाला.

"आमी मेंढरातली मानसं," केराबाई म्हणाली. मग ती भावाकडं वळली. "सिद्धू, बोललास ते बरं केलंस. पर हितं एकट्याफुडं बोलून भागत न्हाय. कामाची बाई म्हनलास, तवा तितं चार दारांत बाया उभ्या हुत्या. जा, त्यास्नी ऐकू जाईल असं बोलून ये. तवर मी आत यायची न्हाय."

"व्हय, आक्का," म्हणून सिद्धाप्पा डोळे न पुसताच मागं फिरला. भर दुपारच्या त्या आळीत त्याचा आवाज घुमला, आणि "माजी आक्का हाय ती" हे शब्द टांगेवाल्याच्या दारापर्यंत स्पष्ट आले. केराबाईनं सगळं ऐकून घेतलं, पदरानं तोंड पुसलं आणि बनाच्या हाताला धरून ती आत गेली.